सावलीची बाजू

मित्रांनो, मी डोंगर आहे. पण मला कुणीही काखोटीला मारून नेऊ शकतं. माझं सगळ्यांत उंच शिखर जेमतेम वीतभर भरेल. आता मी जुना झालो आहे, अंगाचे पोपडे निघाले आहेत. ज्याच्यावरून मला घडवलं तो खरा डोंगर स्पेन नावाच्या देशात आहे. सिएरा नेवाडा म्हणतात त्याला. मी त्याला कधी पाहिलं नाही. माझा जन्म दौंडचा, रेल्वे लाइनीलगतच्या एका भाड्याच्या घरातला, आणि मला घडवलं रशिदानं.

रशिदा शिरूरला कॉलेज करून, भूगोल घेऊन बी.ए. झालेली. तिचा नवरा आरिफ कुरकुंभच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. घरात रांगती नाझिया होती. रशिदाचा जीव कायम टांगणीला लागलेला. शेंगदाणे, बटणं, सेफ्टीपिना ती जमिनीवरून टिपत फिरायची, पोरीच्या घशात जातील म्हणून. पाळी सुटून आरिफची गाडी वेळेत आली नाही, की ही दारात उभी.

आरिफला डोंगर चढायचं वेड. सुट्टी मिळाली की तो कारखान्यातल्याच ज्ञानदेवच्या ग्रुपबरोबर निघायचा. ज्ञानदेव त्या पोरांचा म्होरक्या, बोलायला पटाईत, आणि एकदा मनालीला जाऊन भाड्याच्या कोटात फोटो काढून आलेला. मागच्या उन्हाळ्यात एका गडावर आरिफला ऊन लागलं. उचलून खाली आणला, सलाइन लावलं, दोन दिवस तो बरळत होता. तेव्हापासून रशिदाचा एकच वैरी होता: ऊन.

त्याच वर्षी कारखान्यात मशिन बसवायला पाको नावाचा एक स्पॅनिश इंजिनिअर आला. तोही डोंगरवेडा. आरिफबरोबर इकडच्या टेकड्या हिंडला, भाकरी-ठेचा खाऊन घामाघूम झाला. जाताना म्हणाला, मे महिन्यात माझ्या गावी या, चौघंजण. मी कामासाठी बाहेरदेशी असेन, पण घराची किल्ली शेजारी ठेवतो. वाट मात्र तुमची तुम्ही आखा. आणि त्यानं एक भलामोठा नकाशा आरिफच्या हातात दिला.

ग्रुपमध्ये तो नकाशा हातोहात फिरला. त्यावरच्या तपकिरी रेषांचं जाळं कुणालाच नीट उलगडेना. मग आरिफनं तो घरी आणला. रशिदाला त्या रेषा म्हणजे जुन्या मैत्रिणी. एकाच उंचीवरच्या जागा जोडणारी ती समोच्च रेषा; रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की उतार सोपा. तिनं कारखान्यातली रिकामी खोकी मागवली. एकेक रेषा पुठ्ठ्यावर गिरवली, कापली, थरावर थर चिकटवले. खळीत मोरचूद घातलं, झुरळं लागू नयेत म्हणून. त्याच विषारी मोरचुदापायी नाझियाला शेजारच्या मालनबाईंकडे ठेवायची आणि स्वतः तीन-तीनदा हात धुवायची.

मालनबाई एकदा पोरीला घेऊन डोकावल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. "ह्या पायऱ्या कसल्या गं? डोंगर हाय का जिना?" म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी रद्दी भिजवली, तिचा लगदा कुटला, त्यात मेथी वाटून घातली, आणि जुन्या टोपलीला लिंपावं तसं मला लिंपून काढलं. माझ्या अंगाला त्या मेथीचा कडवट वास कितीतरी दिवस होता.

वाळलो, तशी रशिदानं खिडकी लावून घेतली आणि बॅटरी पेटवली. आपल्याकडे मे महिन्यात ऊन थेट डोक्यावर येतं. तिकडं ते दक्षिणेकडून तिरपं पडणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. बॅटरी तशीच तिरपी धरून ती पूर्वेकडून पश्चिमेकडे हळूहळू फिरवत राहिली. माझ्या उत्तर अंगाला एक अरुंद घळ होती. बॅटरी कुठंही नेली तरी तिच्यात उजेड फारसा शिरेना. रशिदाचा चेहरा खुलला. तिनं त्या घळीतून थेट शिखरापर्यंत निळा दोरा टाचला. आरिफला ती म्हणाली, "पायथ्यापासून माथ्यापर्यंत सावली. टोपी काढून गेलात तरी चालेल."

मित्रांनो, तिच्या हिशोबात केसभरही चूक नव्हती. सावली तिनं अगदी खरी काढली होती.

ग्रुपमध्ये माझं मोठं कौतुक झालं. ज्ञानदेवनं मला शिरूरला मोहिमेच्या कार्यक्रमात टेबलावर मांडलं. पेपरात फोटो आला: मध्ये मी, माझ्यावर छडी रोखलेला ज्ञानदेव. खाली छापलं होतं, 'स्वतः तयार केलेल्या प्रतिकृतीसह मोहिमेचे नेते'. रशिदानं ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग कात्री घेऊन फोटो कापून ठेवला, कारण मागच्या रांगेत आरिफचं अर्धं डोकं दिसत होतं.

निघायला थोडेच दिवस उरले होते. भर दुपारी बोळात गोळेवाला आला. त्यानं गाडी उन्हात उभी केली होती. पोरं जमली तशी त्यानं ती ढकलत भिंतीच्या सावलीत नेली, आणि बर्फाच्या लादीवर पोतं ओढलं. दारातल्या रशिदानं सहज विचारलं, पोरं उन्हात आन् गाडी का सावलीत?

"ताई, पोरं इरघळत न्हाईत," तो म्हणाला. "बर्फ इरघळतो. सावलीत ऱ्हातो टिकून."

रशिदा घरात आली आणि माझ्यासमोर बसली. माझ्या त्या घळीत बोट घालून बसून राहिली. बाहेर नाझिया रडत होती तरी उठली नाही. हिवाळ्यात तिथं बर्फ पडत असणार, आणि जिथं ऊन शिरत नाही तिथला तो मे महिन्यात तरी कुठं जाणार? तिनं नवऱ्यासाठी हुडकून हुडकून नेमकी बर्फाची जागा काढली होती.

संध्याकाळी चौघं घरी जमले, पिशव्या भरायला. रशिदा चहा घेऊन आली, आणि कप खाली ठेवायच्या आधीच बोलली.

"ज्ञानदेवभाऊ, माझी वाट चुकलीय. त्या घळीत बर्फ असंल, घट्ट झालेला. तुम्ही दक्षिणेकडनं जा, उन्हातनं. लांब पडंल, पण चढ सोपा हाय."

ज्ञानदेव हसला. "भाभी, संत्री पिकत्यात त्या देशात. बर्फ कुठला आणताय? आन् बर्फ मी बघितलाय."

"फोटोत बघितलाय," ती म्हणाली.

बाकीचे दोघं चहात बघू लागले. ज्ञानदेवचं हसू गेलं. सगळं छापून झालंय, पेपरात वाट आलीय, आता बायामाणसांच्या धसक्यापायी बदलायची का, असं तो बराच वेळ बोलत राहिला. रशिदानं आरिफकडे पाहिलं. आरिफ दोराची गुंडाळी करत होता. "बघू तिथं गेल्यावर," एवढंच तो म्हणाला, आणि गुंडाळी पिशवीत कोंबली.

जायच्या दिवशी दारात तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं, की घळीत पांढरं दिसलं तर मागं फिरायचं. त्यानं मान हलवली.

घळीत पांढरं दिसलं. ज्ञानदेव पुढं चालत राहिला, आणि आरिफ त्याच्यामागं. काचेसारख्या बर्फावरून आरिफ घसरला, पाय घोट्यात मोडला, आणि गावातली माणसं वर येईपर्यंत त्याच सावलीत पडून राहिला. ऊन असतं तर निदान अंग शेकलं असतं. डाव्या पायाची बोटं गारठून काळी पडली, ती कापावी लागली. पाकोला कळलं तेव्हा तो फोनवर रडला. म्हणाला, उन्हाच्या बाजूनं आमचे गुराखी खेचरं घेऊन जातात. नेवाडा म्हणजे बर्फाळ. ज्या डोंगराच्या नावातच बर्फ होता, त्याच्या नावाचा अर्थ इकडं कुणी विचारलाच नव्हता.

परत आल्यावर शिरूरला सभा भरली. लोक विचारू लागले होते, हे असं झालं कसं? मला पुन्हा टेबलावर मांडलं, निळ्या दोऱ्यासकट. आणि मित्रांनो, ज्या तोंडानं मला स्वतःचा म्हटलं होतं, त्याच तोंडानं ज्ञानदेव म्हणाला, "वाट आमच्या भाभींनी आखली होती. आम्ही विश्वास ठेवला."

रशिदा मागच्या खुर्चीवर होती, नाझिया मांडीवर. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एका म्हाताऱ्या मास्तरांना मात्र राहवलं नाही. ते उठून म्हणाले, "आरिफ, जायच्या आधी तुझ्या बायकोनं काही सांगितलं होतं का रे?"

आरिफनं बँडेजकडे पाहिलं. मग ज्ञानदेवकडे.

"वाट तिनंच आखली होती," तो म्हणाला.

वाक्य खरं होतं. सभा संपली.

घरी येताना मी जीपमध्ये तिच्या पायाशी होतो. शिरूर मागं पडलं. मग तिनं विचारलं, "मी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतंस," आरिफ म्हणाला. "पण सगळ्यांच्या देखत कसं बोलायचं? आमाला रोज एकत्र बसायचं असतंय."

रशिदानं झोपलेली पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

त्यानंतर मी माळ्यावर गेलो. आरिफला गेटवर बसायचं काम मिळालं. रशिदा भूगोलाच्या शिकवण्या घ्यायची. शिकवणीच्या मुली हळूहळू यायच्या बंद झाल्या. नवऱ्याला खड्ड्यात घालणारी मास्तरीण, असं नळावर कुणी कुणी म्हणायचं. ती त्याच्या पायाला रोज तेल लावते, त्याचा डबा भरते, पाळीवरून यायला उशीर झाला तर अजूनही दारात उभी राहते. फक्त त्याला काही सांगत नाही. छत्री घ्या, असंसुद्धा नाही.

पुढं एका शाळेनं मला प्रदर्शनासाठी मागून नेलं. त्यांना ज्वालामुखी हवा होता. माझ्या शिखराला भोक पाडलं, आत सोडा भरला, लाल रंगाचं व्हिनेगर ओतलं. मी फसफसलो, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. आता मी त्यांच्या अडगळीच्या खोलीत आहे.

मित्रांनो, मला जपा, माझी धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. पुठ्ठा आहे, जाईन कधीतरी. पण स्वतःची चूक स्वतः सांगायला जे माणूस धावत येतं, त्याचं ऐका. आणि त्यानं सांगितलं तेव्हा तुम्ही त्या खोलीत असाल, तर पुढं कुणी विचारल्यावर तसं सांगा. मीही होतो त्या खोलीत. सगळं ऐकलं होतं मी. पण मला तोंड नव्हतं.

आरिफला होतं.