आकाशाची वाटणी

फिल्टर बसवायच्या आदल्या दिवशी बाबा डिशच्या सावलीत बसून माझ्याच डब्यातलं संपवत होते. नव्या नियमाने आमच्या केंद्राच्या रेडिओलहरींचा अर्धा पट्टा मोबाइलवाल्यांना दिला होता. बाबा म्हणाले, "आकाशातही भाऊबंदकी आली म्हणायची. आणि आपल्या वाट्याला न्हाणीमागचा बोळ."

या नव्या शेजाऱ्यांच्या लहरींचा गोंगाट आत शिरू नये म्हणून डिशच्या तोंडाशी फिल्टर बसवायचा होता. महिनाअखेरपर्यंत बसला नाही, तर उपग्रह केंद्राचा परवाना जाणार. केंद्राची प्रमुख मी, तंत्रज्ञ बाबा. कामावर ते मला साहेब म्हणत, तेही डोळे मिचकावून.

ते वर चढले की मला भीती वाटे. पण तसं मी बोलत नसे. चढत्या माणसाला हाक मारू नये, असं आई म्हणायची. शिवाय साहेबानेच घाबरून कसं चालेल?

चढण्याआधी बाबा यंत्राची किल्ली काढून खिशात टाकत. इतकी वर्षं त्या किल्लीने प्रक्षेपणही थांबे आणि डिश फिरवणारी मोटारही. नव्या नियमाने मात्र केंद्राचा ताबा दूरच्या नियंत्रण कक्षालाही द्यावा लागला होता. मोटारीची तार आता किल्लीला वळसा घालून जात होती; किल्ली काढली तरी मोटार फिरू शके. ती जोडणी बाबांनीच केलेली. पण हाताची सवय डोक्याचं ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली खिशात टाकली, खिसा थोपटून मला दाखवला. मीही मान हलवली. डिश फिरवू नका म्हणून कक्षाला फोन कुणीच केला नाही.

तिथल्या माणसाने रोजच्या तपासणीसाठी डिश फिरवली. मोटारीची घरघर आधी मी ऐकली. तोंड उघडलं, आवाज फुटला नाही. बाबा माझ्यासमोर पडले, ते उठलेच नाहीत.

मुदत कुणासाठी थांबत नाही. आज तिचा शेवटचा दिवस, म्हणून मुख्य कार्यालयाने दुसरा तंत्रज्ञ पाठवला. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणते. कक्षाला मी फोन केला, खात्री वाटेना म्हणून पुन्हा केला. मोटारीची तार स्वतः सोडवून तिचं टोक मुठीत धरलं. दादा अर्ध्यावर पोहोचले. वारा सुटला, शिडी जराशी हलली. तार मुठीत होती, तरी मला घरघर ऐकू येत होती.

"दादा, खाली या."

"साहेब, आज बसवला नाही तर परवाना जाईल."

"जाऊ दे. तुम्ही खाली या. मला फार भीती वाटते."