रडणारा साहेब

"रांगेत या, रांगेत! साहेब सगळ्यांसाठी रडणार आहेत, ढकलाढकली नको!"

कलादालनाचा व्यवस्थापक स्टुलावर उभा राहून ओरडत होता आणि माणसं बाटल्या, डब्या, औषधांची रिकामी झाकणं घेऊन एकमेकांच्या पायांवर पाय देत होती. समोर माझ्या दादाने घडवलेला प्लास्टरचा साहेब बसला होता. पोट टेबलावर टेकलेलं, कानांच्या जागी दाराच्या मुठी आणि डोक्यावर टोपीऐवजी हात धुवायचं बेसिन. दादाने ही निव्वळ चेष्टा केली होती. बघणाऱ्याने पोट धरून हसावं, एवढीच अपेक्षा. आता त्याच साहेबाच्या डोळ्यांतून थेंब थेंब पाणी ओघळत होतं आणि लोक हात जोडून उभे होते.

व्यवस्थापकाची जीभ तर अशी सुटली होती की विचारू नका. सकाळी कलेचे जाणकार आले की डोळे मिटून म्हणायचा, "हा सत्तेच्या पोकळपणाचा विलाप आहे." दुपारी गर्दी आली की पुन्हा डोळे मिटून, "हे दुःख शोषून घेणारं पाणी आहे. डोळ्यांना लावा, गुडघ्यांना लावा, जुन्या खोकल्यावर तर रामबाण!" जाणकार माना डोलवायचे, गर्दीही माना डोलवायची.

मी शाळेत विज्ञान शिकवते. खरं सांगते, सुरुवातीला मला मजाच वाटली. म्हटलं, चार दिवसांचा तमाशा, आपोआप विरेल. मग आईला डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीला घेऊन गेले. तिला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी यंत्रातून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"थेंब घालताय ना रोज? डोळ्यांतला दाब भलताच वाढलाय. उजव्या डोळ्याची बरीच नजर गेलीय, आणि ती आता परत येणार नाही."

आई म्हणाली, "घालते की. साहेबांच्या डोळ्यांतले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दवाखान्याच्या पायरीवरूनच मी दादाला फोन लावला. "दादा, तो पुतळा रडतो कसा रे?"

"मलाही कळत नाही गं," तो म्हणाला. "काहीतरी आहे बघ त्यात."

दादा माझ्याशी कधी खोटं बोललेला नव्हता. मला वाटलं, त्या व्यवस्थापकानेच त्याला गंडवलंय.

दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन थेट कलादालनात गेले. दादा कोपऱ्यात उभा होता. मी व्यवस्थापकाला बाजूला सारून स्टुलावर चढले.

"अहो बाई, खाली उतरा! साहेबांचा कोप होईल!"

"होऊ दे. कोप कसा असतो तेही बघू."

बेसिन काठोकाठ भरलेलं होतं आणि त्याचं भोक सरळ साहेबाच्या पोकळ डोक्यात उघडत होतं. आता प्लास्टर पाणी पितं, हे दादाच्या कामाच्या खोलीत लहानपण घालवलेल्या मला कुणी सांगायला नको. म्हणून तर तो प्रत्येक कामाला वरून वार्निशचे हात मारतो. वार्निश असेल तिथून पाणी बाहेर येत नाही. साहेबाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतलं वार्निश मात्र कुणीतरी नीट खरवडून काढलं होतं.

मी रुमालाने डोळे कोरडे केले आणि त्या ओरखड्यांवर नेलपॉलिश फासलं. रडणं बंद. मग पिनेने नाकाचा शेंडा खरवडला.

"साहेब रुसले!" व्यवस्थापक किंचाळला.

माणसं टाचा उंचावून बघू लागली. मग नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमला, लोंबला आणि साहेबाच्या टायवर पडला. त्यामागून दुसरा.

"अगं बाई, साहेबांना सर्दी झाली!" मागून कुणीतरी ओरडलं आणि अख्खं दालन हसायला लागलं. बाटल्या घेऊन आलेली माणसं एकमेकांना टाळ्या देत हसत होती. दादाला हवं होतं अगदी तसंच. तो मात्र भिंतीकडे बघत होता.

"कुणी केलं हे?" आईने विचारलं.

व्यवस्थापकाने क्षणात हात झटकले. "मला काय विचारता? ओरखडे यांचे, रोज पाणी भरणारेही हेच!" त्याचं बोट दादाकडे होतं.

मला वाटलं, दादा आता चिडेल, नाही म्हणेल. तो म्हणाला, "आई, आधी इथे चिटपाखरू फिरकत नव्हतं. आले ते हसलेसुद्धा नाहीत. रडवल्यावर लोक यायला लागले."

"मी रोज इथे बसून हे पाणी डोळ्यांत घालायचे. तू समोर असायचास."

"तुझा विश्वास मोडवेना गं."

"विश्वास पुतळ्यावर कुठे होता?" आई म्हणाली. "तो तू केला होतास म्हणून घातलं मी."

मी आईचा हात धरला आणि आम्ही बाहेर पडलो.

आई आता डॉक्टरांचे थेंब वेळेवर घालते. डावा डोळा शाबूत आहे. उजव्या बाजूने कुणी आलं तर ती दचकते.

म्हणून कळकळीने सांगते. कुठे काही रडायला, घुमायला, बोलायला लागलं तर हात जोडायच्या आधी स्टूल घ्या, वर चढा, पाणी कुठून येतं ते बघा. औषध कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नका. आणि चमत्कार घरातल्या माणसाचा असेल तर जरा जास्तच निरखून बघा. परक्या बुवाला आपण चार प्रश्न तरी विचारतो. आईने आपल्या मुलाला एकही विचारला नव्हता.