गोलात एकच

साक्षीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. लातूरच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तरच तिला तिथं अकरावी करता येणार होती. गावात नेट चालत नव्हतं, म्हणून तिची आई शिल्पा आणि आजी केवळाबाई किनवटहून सकाळच्या रेल्वेनं नांदेडला आल्या. स्टेशनजवळच्या ऑनलाइन सेंटरात दीपमाला नावाची मुलगी अर्ज भरून देत होती.

"लाल चांदणी दिसली की ते रिकामं सोडता येत नाही," तिनं आधीच सांगून ठेवलं.

नाव आधारवर होतं तसंच घातलं. जन्मतारीख कॅलेंडरातून निवडली, तालुका यादीतून. मग येणाऱ्या भाषा आल्या. प्रत्येकीसमोर चौकोन होता.

"चौकोनात पाहिजे तेवढ्या खुणा करता येतात, मावशी. गोल असला की एकच."

"मंग तेलगूपन लाव," केवळाबाई म्हणाल्या. "शेजारच्या गौरम्माशी भांडताना पोरगी तेलगूच बोलती."

दीपमाला हसली. शिल्पा पडद्याकडे बघत राहिली.

पुढचा प्रश्न आईच्या वैवाहिक स्थितीचा होता. चार गोल होते. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता.

शिल्पाचा नवरा सुदर्शन चार वर्षांपूर्वी घरातून निघाला, तो परतला नाही. पोलिसांत तक्रार दिलेली होती. पुढं काही कळलं नव्हतं.

"विवाहित कर," केवळाबाई म्हणाल्या. "गळ्यात मंगळसूत्र हाय की तिच्या."

दीपमालानं पहिल्या गोलात ठिपका दिला. खाली नवा रकाना उघडला. पतीचा मोबाईल नंबर, लाल चांदणीसकट.

केवळाबाईंनी पिशवीची गाठ सोडून एक जुना फोन काढला. सुदर्शन गेला तेव्हा त्याचा हा फोन चार्जिंगला लावलेला राहिला होता. नंबर बंद पडू नये म्हणून त्या दर महिन्याला रिचार्ज मारून घेत. फोनच्या पाठीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून दीपमालानं नंबर टाकला. फोन वाजला.

"बघ. आला का न्हाई?" केवळाबाई म्हणाल्या. ओटीपी होता.

दीपमाला खालचं वाचत होती. "प्रवेशाच्या दिवशी वडील स्वतः हजर राहतील, अशी खूण करावी लागते. ते आले नाहीत तर जागा रद्द करतात. मागल्या वर्षी एकीची केली."

"विधवा केलं तर?" शिल्पानं विचारलं. गाडी कितीला आहे, असं विचारावं तसं.

"मृत्यूचा दाखला जोडावा लागतो, ताई."

"तो न्हाई. शेवटचं करा मग."

"ते काय हाय?" केवळाबाईंनी विचारलं.

दीपमालानं आवाज खाली आणला. "नवऱ्यानं टाकलेली."

"माझ्या लेकानं टाकलं न्हाई कुनाला. येतो म्हणून गेला त्यो."

"आत्याबाई, पोरीची जागा जाईल."

केवळाबाई हातातल्या फोनकडे बघत बसल्या. ओटीपीची मुदत संपली होती.

"कर बाई," त्या म्हणाल्या.

दीपमालानं चौथा गोल दाबला. पहिल्यातला ठिपका आपोआप गेला. नंबरचा रकानाही मिटला. त्या जागी मोठी चौकट आली. परिस्थितीचे थोडक्यात वर्णन करा.

"काय लिहू?"

"त्या म्हणल्या तेच लिहा," शिल्पा म्हणाली.

येतो म्हणून गेले. दीपमालानं टाइप केलं. खाली लाल अक्षरं उमटली, किमान पन्नास अक्षरे आवश्यक.

"अजून लागतंय, ताई."

"अजून आले नाहीत, लिहा. पोलिसांत तक्रार दिली आहे, लिहा."

लाल अक्षरं गेली. चौकटीनं मजकूर घेतला, पुढचं पान उघडलं, शेवटी अर्ज मिळाल्याची पावती आली. दीपमालानं तिची प्रिंट काढून दिली. शिल्पानं त्यावरचं साक्षीचं नाव नीट बघितलं.

केवळाबाईंनी फोन पिशवीत टाकून गाठ मारली होती. दारापर्यंत जाऊन त्या माघारी आल्या.

"रिचार्ज संपत आलाय. तेवढा मारून दे."

"नंबर सांगा, मावशी."

त्या पुन्हा गाठ सोडायला लागल्या. गाठ पक्की बसली होती. प्रिंटची घडी घालता घालता शिल्पानं दहाच्या दहा आकडे सांगितले, कुठंही न अडखळता.