रॉकेलचा वास

डॉ. भुजंगराव दातांचे डॉक्टर. नांदेडात खाली त्यांचा दवाखाना, वर घर. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला त्या घरात सहा माणसं वाइन प्यायला जमत. प्यायला म्हणण्यापेक्षा शिकायला. एकच बाटली उघडायची आणि तिच्यावर दोन तास काढायचे, असा डॉक्टरांचा नियम होता.

त्या सहांत अंजू होती. वय बेचाळीस, कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची. मूळची उदगीरची, भुसार मालाच्या व्यापाऱ्याच्या घरातली. लिंगायतांचं घर ते, तिथं दारूचा विषयसुद्धा निघत नसे. नवरा श्रीशैल रेल्वेच्या ऑफिसात. डॉक्टरांनी आधी त्यालाच बोलावलं होतं; तो दोनदा येऊन कंटाळला, अंजू मात्र टिकली. माहेरी फोनवर ती ‘वाचनाचं मंडळ आहे’ म्हणून सांगे, आणि सांगताना दर वेळी जरा चाचरे.

“ग्लास दांडीला धरा,” डॉक्टर नव्या माणसाला सांगत. “पोटाला धरलात तर हाताची ऊब लागते. आधी पांढऱ्या कागदासमोर रंग बघा. मग टेबलावरच गोल फिरवा आणि नाक आत घाला, लाजू नका. घोट लगेच गिळायचा नाही. तोंडभर फिरू द्या. हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या तर ते टॅनिन. चहा जास्त उकळला की असं होतं ना, तेच ते.” आणि शेवटी हमखास म्हणत, “पुस्तकातली फळं मला सांगू नका. ब्लॅकबेरी इथं कुणी खाल्लीय? तुमच्या नाकाच्या ओळखीचं जे असेल त्याचं नाव घ्या.”

अंजूचं नाक विलक्षण होतं. नाशिककडच्या एका लाल वाइनला ती ‘भिजलेलं पोतं’ म्हणाली, तेव्हा सगळे हसले आणि मग एकेक करून हुंगून गप्प झाले. एकदा तिला कवठ फोडल्याबरोबर येणारा पहिला वास सापडला. एकदा विभूतीचा. लहानपणी दुकानात तुरीच्या, हरभऱ्याच्या थप्प्यांमध्ये खेळताना हे सगळं नाकात जाऊन बसलं होतं, आणि आता ग्लासात ते परत भेटत होतं. तिला याची चटकच लागली. आपल्या पोटात एवढं काही साठलेलं आहे, हे तिला ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत डॉक्टरांची मुलगी पुनम जर्मनीहून आली, तिनं एक जुनी बाटली आणली होती. डॉक्टरांनी नाव न सांगता ओतली. रंग फिकट सोनेरी. अंजूनं ग्लास फिरवला, नाक आत घातलं. आधी लिंबाची साल आली. मग थोडा मध. आणि त्याच्या खालून आणखी काही तरी वर आलं.

“रॉकेल,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. “शाब्बास! रिस्लिंग म्हणतात हिला. ऊन खाल्लेल्या द्राक्षांची असली आणि बाटलीत वर्षानुवर्षं पडून राहिली, की हा वास धरते. जाणकार मुद्दाम शोधतात. पुस्तकवाले पेट्रोल लिहितात, पण अंजूताईंचं बरोबर आहे, हे रॉकेलच.”

मग सगळे हुंगू लागले. कुणाला रेशनची रांग आठवली, कुणाला कंदिलाची काच. हसणं चाललं होतं. अंजूनं घोट घेतलाच नाही. तिच्या उजव्या हाताच्या बोटांत काही तरी रुतत होतं. तिनं ग्लास ठेवून हात उघडून पाहिला. हातात काही नव्हतं. पण रुतत होतं ते तिनं ओळखलं. पत्र्याच्या डब्याची तारेची कडी होती ती.

घरी आल्यावरही वास राहिला. रात्रीच्या भाताला आला, सकाळी उशीला आला. “गॅस लीक आहे का बघ,” ती श्रीशैलला म्हणाली. त्यानं नळी तपासली, साबणाचं पाणी लावून पाहिलं. काही नव्हतं. प्रयोगशाळेत ती मुलांना द्रावण दाखवत असताना तो वास इतका जवळून आला, की तिनं मागं वळून बघितलं. मागं कपाटाच्या काचेत तिचंच तोंड होतं. दिवसातून दहा-दहा वेळा ती हात धुऊ लागली. मंगळवारी मधल्या सुट्टीत, नळाखाली हात धरलेला असताना, तिला जिना दिसला.

उदगीरच्या घराचा जिना. ती दहा वर्षांची. हातात पाच लिटरचा डबा, दोन्ही हातांनी धरलेला, पायरीपायरीवर गुडघ्याला आपटणारा. वरच्या दारात नीलम्मा काकी उभी.

नीलम्मा म्हणजे सिद्धलिंग काकाची बायको. मुखेडची. काकीला जाऊन आता बत्तीस वर्षं झाली होती. स्टोव्हचा भडका उडाला आणि काकी गेली, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. अंजूलाही पाठ होतं. कारण हवालदारानं जवळ बसवून विचारलं तेव्हा तिनंच ते सांगितलं होतं: काकी वर स्वयंपाक करत होती, स्टोव्ह भडकला.

नळ वाहत राहिला. वर स्वयंपाकघर नव्हतं. कधीच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं उदगीरला फोन लावला. वडील, रेवणप्पा, आता ऐंशीला टेकलेले. पण कान शाबूत होते.

“अप्पा, नीलम्मा काकीच्या खोलीत स्टोव्ह होता का?”

अप्पांनी तिकडचा पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“जुनं कशाला उकरून राहिलीस बाई? सिद्धलिंग जाऊनसुद्धा सहा वर्षं झाली.”

“होता का?”

“न्हाई.”

“मग तिथं सापडला कसा?”

“मी नेला वर,” अप्पा म्हणाले. “ती गेल्यावर. पोलीस यायच्या आत.” मग भराभरा बोलू लागले. “काय करायचं होतं आम्ही? तिनं हातानं केलं म्हणलं असतं तर सिद्धलिंगाला उचलला असता. तो हात उगारायचा, ते आळीत सगळ्यांला ठाऊक. तुझ्या आत्याचं लग्न ठरलेलं. घराची अब्रू होती.”

“आणि मी?”

“तू लहान होतीस. लेकराच्या बोलण्यावर कोण शक घेतंय?”

अंजूनं फोन ठेवला. श्रीशैल दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो तिच्याजवळ येऊन बसला.

“रॉकेल मी नेऊन दिलं तिला,” अंजू म्हणाली. “तिनं जिन्यातून हाक मारली, मी नेलं.”

“दहा वर्षांची होतीस तू.”

“हो.”

नंतरच्या रात्री तिला झोप लागली ती तुकड्यातुकड्यानं. जिना मात्र आता पुरता दिसत होता. काकीनं डबा घेतला, हे आठवलं. काकी काही तरी बोलली, हेही आठवलं. आणि त्यासोबत दुसरी एक बाई आठवली, काकीची आई पार्वतम्मा. मातीच्या दिवशी ती अंगणात बसून कपाळ बडवत होती. “मीच दिला गं तो स्टोव्ह! माझ्या हातानं दिला!” काकीच्या लग्नात माहेरहून तो पितळी स्टोव्ह आला होता. पुढं पार्वतम्मानं आपल्या घरातला स्टोव्ह मोडीत दिला, असं अंजूनं आईकडून ऐकलं होतं. आयुष्यभर चुलीवर केलं. सुनेनं गॅस आणला, तर म्हातारी त्या खोलीत पाऊल टाकीना.

“मी मुखेडला जाऊन येते,” अंजू म्हणाली.

“सांगून काय होणार आता?” श्रीशैलनं विचारलं. “म्हातारी पंच्याहत्तरीच्या पुढं असेल.”

“तिला वाटतं, तिच्या स्टोव्हनं लेक गेली.”

श्रीशैलनं तिला मुखेडच्या गाडीची वेळ काढून दिली.

शनिवारी ती एसटीनं मुखेडला गेली. बाजाराचा दिवस नव्हता, गाडी रिकामी होती. घर सापडायला वेळ लागला नाही. मल्लेशचं खताचं दुकान कुणीही दाखवलं असतं. मल्लेश पार्वतम्माचा मुलगा, काकीचा धाकटा भाऊ, आता पन्नाशीला आलेला. त्यानं ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर चेहरा आक्रसला. पण “या” म्हणून तो तिला मागच्या पडवीत घेऊन गेला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून परत दुकानात गेला.

पार्वतम्मा चुलीपुढं बसली होती. वाळलेली, कमरेत वाकलेली, गळ्यात लिंग. डोळ्यांवर जाड चष्मा.

“अव्वा, मी अंजू. उदगीरची. रेवणप्पांची.”

“नीलीच्या जावंची लेक?” म्हातारीनं मान वर केली. “तू लई बारकी होतीस. फ्रॉक घालून दारात उभी होतीस.”

“हाव.”

“बस. कशाला आलीस?”

अंजूनं वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. ती सगळी गेली. “अव्वा, स्टोव्हचा भडका उडालाच नव्हता. वर स्टोव्ह नव्हता. नंतर नेऊन ठेवला. काकीनं स्वतःच केलं. रॉकेल मी नेऊन दिलं होतं, मला माहीत नव्हतं कशाला. पोलिसांना मी खोटं सांगितलं. तुमच्या स्टोव्हनं काही झालं नाही अव्वा. तुमची काही चूक नाही.”

एवढं एका दमात बोलून ती थांबली. चुलीतलं लाकूड पुढं आलं होतं. म्हातारीनं ते हातानं आत सारलं. रडली नाही. अंजूला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

“स्टोव्हचंच बरं होतं,” पार्वतम्मा म्हणाली.

“काय अव्वा?”

“त्याच्या पंधरा दिवस आधी आली होती ती. इथं. या खांबाला टेकून बसली होती. पाठ दाखवली मला. म्हणली, अव्वा, मी जात न्हाई आता. अन् मी काय म्हणलं? म्हणलं, लोक काय म्हणतील, धाकट्याचं शिक्षण व्हायचंय, थोडं सोस. दुसऱ्या दिवशी पाठवून दिली.” तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला. “स्टोव्ह मी दिला, हे बत्तीस वर्सं वरडून सांगितलं बग जगाला. पाठवून दिली, ते कुणालाच न्हाई.”

आपण या बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला निघालो होतो, आणि तिनं अंगावर धरलेला एकुलता एक आडोसाच काढून घेतला, असं तिला झालं. उठून पळून जावंसं वाटलं.

“चुकलं माझं अव्वा. मी यायलाच नको होतं.”

“बस.” म्हातारीनं तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती. “शेवटचं तूच बघितलंस तिला. काय म्हणली ती?”

अंजूनं डोळे मिटले. जिना, दार. “डबा घेतला माझ्या हातातून. माझी बोटं लाल झाली होती, ती चोळली तिनं. म्हणाली, खाली जा, अंगणात खेळ. वर येऊ नको. मी येऊ का म्हणाले, तर म्हणाली, न्हाई. कडी लावल्याचा आवाज आला.”

“बोटं चोळली?”

“हाव.”

पार्वतम्मा कितीतरी वेळ तिच्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं दुकानाकडं तोंड करून हाक मारली, “मल्लेश! इकडं ये. बस खाली.” आणि लेकाला समोर बसवून तिनं सगळं सांगितलं, अंजूचंही आणि आपलंही, काही न लपवता. मल्लेश ऐकत होता. ऐकून झाल्यावर उठला आणि बाहेर गेला.

परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा तो मोटारसायकल काढून दारात उभा होता. त्यानं तिला स्टँडवर आणलं. तिथं गाडी लागलेली नव्हती. दोघं शेडखाली उभे राहिले.

“मला ठाऊक होतं,” तो समोर बघत म्हणाला. “ती आल्ती ते. मी सतरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवशी मीच तिला सायकलवर इथं आणून सोडली. सायकलवर रडत होती. मी म्हणलं, गप गं, लोक बघून राहिले.” त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “अव्वाला वाटतं, मी त्या दिवशी शाळेत होतो.”

गाडी आली. तो गाडी सुटेपर्यंत तिथंच उभा राहिला, पण वर मात्र बघितलं नाही.

त्यानंतर अंजू डॉक्टरांकडच्या रविवारी गेली नाही. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं. वास कमी झाला, पण पुरता गेला नाही. उदगीरला ती अप्पांची तब्येत विचारायला जाते; त्या विषयावर दोघंही बोलत नाहीत. जिन्याच्या वरच्या खोलीत आता सोयाबीनची पोती असतात.

पार्वतम्माचा मात्र फोन येतो. नंबर मल्लेश लावून देतो. म्हातारी नमस्कार-चमत्कार काही करत नाही. दर वेळी एकच काही तरी विचारते. लुगडं कोणतं होतं. हातात बांगड्या होत्या का. सकाळी काही खाल्लं होतं का तिनं. अंजूला आठवतं तेवढं ती सांगते. आठवत नाही ते रचून सांगत नाही.

परवा म्हातारीनं विचारलं, “केस धुतले होते का गं तिनं त्या दिवशी?”

अंजूनं बराच वेळ आठवून पाहिलं.

“नाही आठवत, अव्वा.”

“असू दे,” पार्वतम्मा म्हणाली. “आठवलं की फोन कर.”