धाकटीच्या वाफ्यातलं डबल फूल

धाकट्या जावेच्या अंगणात डबल कोनफ्लॉवर फुलला आणि थोरलीच्या तोंडची चवच गेली. साधा कोनफ्लॉवर म्हणजे लांब देठ, मधे तपकिरी काटेरी बोंड, भोवती पाकळ्यांचा एकच पदर. धाकटीच्या फुलात त्या बोंडाच्या जागी गुलाबी पाकळ्यांचा गच्च गोंडा होता. पंचवीस वर्षं बागेत राबायचं थोरलीनं, आणि लोकांनी थांबायचं धाकटीच्या फाटकाशी. पोस्टमनसुद्धा पत्र थोरलीच्या हातात कोंबायचा आणि पलीकडे पाच मिनिटं रेंगाळायचा. थोरलीचं शिलाई मशीन खिडकीशी होतं, त्यामुळे हे सगळं तिला बसल्या जागी दिसायचं. मशीन दुसऱ्या खिडकीत हलवता आलं असतं. पण जळणाऱ्या माणसाला असली सोय नको असते.

मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मजा आहे बाई तुझी," एवढंच ती म्हणायची, पण रोज म्हणायची. शेवटी बहर सरल्यावर धाकटीनं गड्डा जागचा न हलवता कडेचा एक फुटवा मुळांसकट कापला आणि कुंडीत लावून आणून दिला.

पुढच्या उन्हाळ्यात कुंडीत फुलं आली ती सिंगल. थोरलीनं चष्मा लावून पाहिलं. एकच पदर, मधे बोंड. म्हणजे धाकटीनं चक्क फसवलं होतं, कुठलंतरी साधं रोप कुंडीत खोचून वर गोड हसली होती. "फूल ते फूल," असं नवरा म्हणाला, तर थोरली त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्याच महिन्यात धाकटीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. फाटकाची किल्ली देताना ती म्हणाली, "ताई, दहा दिवस झाडांना पाणी घालाल ना? तुमच्याशिवाय कुणावर सोडू?"

तिसऱ्या दिवशी भरदुपारी थोरली खुरपं घेऊन गेली. डबलचं झाड तिनं उकरून काढलं. मुळं खोल गेली होती, निम्मी तुटली. कुंडीतलं रोप मातीच्या गोळ्यासकट अलगद त्या खड्ड्यात बसवलं आणि डबल कुंडीत. दोन्हीकडची फुलं कात्रीनं साफ छाटली, म्हणजे ओळखायला काही उरलं नाही. हात धुताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं नाही, हक्काचं घेतल्यासारखं वाटलं.

धाकटी परत आली. "बरं केलंत छाटलीत, जोम धरतील," ती म्हणाली. "आणि एक सांगायचं राहूनच गेलं, ताई. याची मुळं दुखावली की पुढचा बहर सिंगलच येतो. माझंही पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुमचं डबल येईल बघा. फक्त आता ते हलवू नका."

"अस्सं," थोरली म्हणाली. खरं तर तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी ती वर्षभर कुंडीला खत घालत राहिली आणि धाकटीला काय कळतंय, असं स्वतःला बजावत राहिली.

उन्हाळा आला. धाकटीच्या वाफ्यात गच्च गोंडे, थोरलीच्या कुंडीत सिंगल. पोस्टमन पुन्हा पलीकडेच. स्वतःच्याच रोपावर जळायची पाळी थोरलीवर आली, आणि ती पोटभर जळली.

एका सकाळी धाकटी खुरपं घेऊन वाफ्यात बसलेली दिसली. थोरली मशीन सोडून कुंपणाशी आली.

"काय करतेस?"

"तुमचं परत सिंगलच आलं ना. मी कडेचा फुटवा दिला, तिथंच चुकलं माझं. या खेपेला मधला गड्डाच घ्या. मला कडेचं पुरे."

खुरपं मातीत शिरलं. घ्यावं, असं क्षणभर थोरलीला वाटलं. हवं ते चालून आलं होतं. मग तिनं कुंपणावरून वाकून धाकटीचं मनगट धरलं.

"उकरू नकोस," ती म्हणाली. "ते माझंच आहे. तुझं मी कुंडीत नेलंय."

धाकटीनं आधी वाफ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या कुंडीकडे.

"माझी आई दवाखान्यात होती तेव्हा?" तिनं विचारलं.

थोरलीनं तिचं मनगट सोडलं.