जीटीची काच

मी काच बोलतेय. आरशाची नव्हे, खिडकीचीही नव्हे. मी जीटीची काच. डिप्लोमाच्या पोरांना हे नाव ऐकून हसू येतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ड्रॉइंगच्या पहिल्या तासाला फळ्यावर साहित्य लिहून देतात. ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, सेट स्क्वेअर, कंपास, फिक्या रेषेला टूएच पेन्सिल, ठळक रेषेला एचबी. त्यात माझं नाव कुठे नसतं, तरी वर्गातल्या निम्म्या शीट माझ्यासारख्या काचांच्याच अंगावर तयार होतात. माझ्या पाठीखाली दिवा, अंगावर दुसऱ्याची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर कोरी. उजेडानं खालच्या रेषा वर दिसायला लागतात, मग नुसतं गिरवायचं. याला म्हणतात ग्लास ट्रेसिंग, पोरांच्या तोंडी जीटी. मोजमाप नको, विचार नको. डोकं बाजूला काढून ठेवलं तरी चालतं.

तशी मी चांगल्या हातातून निघालेली. मंगळवार पेठेत इलाहीभाईंचं काचेचं दुकान आहे. हुपरीच्या एका पैंजणवाल्याच्या शोकेससाठी त्यांनी मोठी काच कापली, तिचा उरलेला तुकडा म्हणजे मी. गडहिंग्लजकडचा सोमशेखर शिकायला कोल्हापुरात खोली घेऊन राहायचा. तो एकदा दुकानात आला.

“कशाला पायजे काच, पावणं?” इलाहीभाईंनी विचारलं.

“अभ्यासाला, चाचा. टेबलावर टाकायला.”

“आमची आफशीनबी डिप्लोमालाच हाय की! थांब, कडा घासून देतो. हात कापायला नको.”

किती मायेनं घासल्या त्यांनी माझ्या कडा! अभ्यासाला निघाले म्हणून मीही हुरळून गेले होते.

खोलीवर गेल्यावर खरं काय ते कळलं. भर दुपारी खिडकी लावून सोमशेखरनं मला दोन विटांवर आडवं ठेवलं आणि खाली टेबललॅम्प लावला. पोरगा वाईट नव्हता. वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते, ते काही केल्या त्याच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं, आणि कुणाला विचारायचं तर लाज वाटायची. चोरताना मात्र ती लाज कुठे जायची कोण जाणे.

अंगावर आलेल्या पहिल्याच शीटवर नाव होतं, आफशीन इलाही. म्हणजे इलाहीभाईंचीच लेक. काय सुंदर शीट होती! झाकलेल्या कडा तुटक रेषांनी दाखवलेल्या, वर्तुळांतून बारीक मध्यरेषा गेलेल्या. एका कोपऱ्यात खोडून खोडून कागद मऊ पडला होता, तिथं ती बराच वेळ अडली असणार. ‘बघून लगेच परत दे’ म्हणून विश्वासानं दिलेली ती शीट सोमशेखर गिरवत होता आणि मी खालून उजेड पुरवत होते. मला डोळे मिटता येत नाहीत.

पुढच्या आठवड्यात तो मला पोत्यात गुंडाळून थेट इलाहीभाईंच्या दुकानात घेऊन गेला. मागच्या खोलीत आफशीन बोर्डावर वाकून तीच शीट पुन्हा काढत होती.

“आफशीन, ही काच घे. तुझी रद्द झालेली शीट खाली ठेव आन वरनं गिरव. तासाभरात हुतंय.”

इलाहीभाई पुढं आले. “आरं, ही माझीच काच की! आन शीट रद्द कशानं झाली?”

सोमशेखरनं मान खाली घातली. “हिच्यावर म्या आफशीनची शीट छापली, चाचा. ड्रॉइंगच्या वर्षाराणी मॅडमनी दोन्ही शीट एकावर एक धरून खिडकीला लावल्या. केसभर फरक न्हाय. कुणी कुणाची मारली म्हणून विचारलं. म्या गप्प हुभा ऱ्हायलो. त्यांनी दोघांच्याबी रद्द केल्या. नवी दिली न्हाय तर परीक्षेला बसता येत न्हाय.”

“तू का बोलली न्हाईस?” इलाहीभाईंनी लेकीला विचारलं.

“ह्यो बोलंल म्हणून थांबलतो, अब्बा.”

इलाहीभाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी हातातून निसटून फुटले असते तर बरं झालं असतं.

“हे मॅडमला सांगितलंस?”

“न्हाय.”

“मग मला सांगून काय उपेग, पावणं?”

सोमशेखर मला भिंतीला टेकवून निघाला तो सरळ कॉलेजात गेला. त्यानं सगळं कबूल केलं. मॅडमनी आफशीनची पहिली शीट मान्य केली आणि त्याला पुन्हा काढायला लावली. गोष्ट इथंच मिटली असती तर मीही कधीतरी मान वर केली असती.

तेव्हापासून मी इथंच, मागच्या खोलीत उभी आहे. आज आफशीननं पुढची शीट सकाळीच पुरी केली, गुंडाळी केली आणि माझ्यामागं पडलेल्या पोत्यात सरकवून ठेवली. आत्ता तिच्या वर्गातली सबिना आली.

“आफशीन, ती तिरकी बाजू वरनं कशी दिसती गं? मला जमंनाच झालंय. तुझी शीट जरा दाव की.”

आफशीननं वरही पाहिलं नाही. “माझी झालीच न्हाय अजून.”

पूर्वी न मागता शीट पुढं करणारी ही पोर. तिच्या तोंडून इतक्या सहज खोटं निघालं, आणि ते निघताना शीट माझ्या पाठीला टेकलेली होती. सोमशेखरनं चूक कबूल केली, मॅडमनी निकाल फिरवला, पण हिच्या मनात जे बसलं ते कोण काढणार? मला तोंड लपवायला जागा नाही.

सबिना चपला घालतेय. सबिना, पायरी उतरू नकोस. शीट नको म्हण, नुसतं समजावून दे म्हण. पेन्सिल तिच्या हातात दे आणि शेजारी बस. ती सांगेल. अजून सांगेल.