फ्लेक्सवर खडू उमटत नाही

मित्रांनो, मंगळवार पेठेतल्या एका तालमीच्या दाराशेजारी टांगलेला जुना काळा फळा, तो मी. सागवानी चौकट, मधोमध एक चीर आणि स्वभाव हेवेखोर. स्वभावाचं आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही.

गल्लीत कोण वारलं, रक्षाविसर्जन कधी, कुस्तीचं मैदान कुठल्या गावात, सगळं माझ्या अंगावर लिहिलं जायचं. जुन्या वस्तादांनी नेम घालून दिला होता. कुणीही यावं, वाटेल ते लिहावं, पण खाली आपलं नाव घालावं. आणि एकदा लिहिलेलं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी पुसू नये. सकाळ झाली की तालमीचा राखणदार पिराजी ओलं फडकं घेऊन यायचा आणि मी पुन्हा कोरा व्हायचो.

नव्वद सालानंतर माझ्यासमोर प्रौढांचा साक्षरता वर्ग भरू लागला. भाजी विकणारी बयाबाई तिथंच अक्षरं शिकली. इतकी वर्षं अंगावर अक्षरं बाळगूनही मला वाचता आलं ते तिच्याबरोबरच. तिनं पहिल्यांदा नाव लिहिलं तेव्हा 'ब'चं पोट एवढं फुगलं, की शेवटची 'ई' माझ्या चौकटीवर गेली.

मग पेठेचा पुढारी बाळासो, त्यानं घरोघरी केबल आणली. त्यानं तालमीला रंगीत टीव्ही फुकट दिला आणि नेमका माझ्या समोरच्या कट्ट्यावर बसवला. रोज संध्याकाळी त्याच्याच वाहिनीवर शहराच्या बातम्या लागत. त्या दिवसापासून लोकांची तोंडं टीव्हीकडे आणि पाठी माझ्याकडे. माणसं मला टेकून बातम्या बघत आणि माझा मजकूर आपल्या सदऱ्यावर घेऊन घरी जात. खंडेनवमीला गदेबरोबर मला झेंडूचा हार असायचा, तो टीव्हीच्या गळ्यात गेला. मला उरलेलं एक फूल. मी जळत होतो. त्याला रंग होते, आवाज होता, गाणी होती. माझ्याजवळ पांढरा खडू.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. घरोघरी काविळीनं माणसं पडली. बयाबाईची गडहिंग्लजकडची सून दानेश्वरी सात महिन्यांची गरोदर, तीही पिवळी पडली. डॉक्टर म्हणाले, पाण्यातूनच आलंय, पोटातल्या बाळालाही धोका आहे. टीव्हीवर मात्र रोज एकच, पाणी स्वच्छ आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका. नवीन पाइप टाकायचा ठेका बाळासोच्या मेहुण्याकडं होता.

एका संध्याकाळी बयाबाईनं खडू उचलला. 'नळात गटार मिसळतंय. पाणी उकळून प्या. माझी सून दवाखान्यात आहे. बयाबाई.'

बाळासो तरातरा आला. "पिराजी, पूस ते! पेठ बदनाम हुतीया."

"सकाळी पुसणार. नेम हाय."

"आरं, टीव्ही कुणी दिला तालमीला?"

"तूच की. मग तू बी लिही, पाणी चांगलं हाय म्हणून. ह्यो घे खडू. खाली नाव तेवढं घाल."

"आन् नाव घालायच्या आधी आमच्या नळाचा तांब्याभर पिऊन दाव!" बयाबाई मागून ओरडली. कट्टा खदखदून हसला. बाळासोनं खडू घेतला, माझ्याकडं पाहिलं, आणि तो खडू खिशात घालून निघून गेला.

पहाटे, पिराजी यायच्या आधी, बाळासोच्या माणसांनी माझ्यावर भलाथोरला फ्लेक्स ठोकला. गॉगल घातलेला बाळासो, हात जोडलेले, खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. वाढदिवसाला अजून दोन महिने अवकाश होता! आत अंधारात मी आणखीच जळलो. केवढा तो चेहरा, आणि त्याला कुणी पुसतही नव्हतं.

पण मित्रांनो, घाई नडली. तो गप्प बसला असता, तर सकाळी पिराजीच्या फडक्यानं त्याचं काम आपोआप झालं असतं. मी झाकला गेलो आणि पिराजी आल्या पावली माघारी गेला.

दुपारी बायका आल्या. त्यांच्याही घरात काविळीचे आजारी होते. एकीनं फ्लेक्सवरच खडू ओढून पाहिला.

"बया, ह्याच्यावर उमटंना गं!"

"कसं उमटंल? ते बोलाय हाय, ऐकाय न्हाय," बयाबाई म्हणाली. तिनं खालून फ्लेक्स वर केला. तिची अक्षरं जशीच्या तशी होती. "लिवा गं खाली. नावं घाला."

त्या दिवसापासून रोज पहाटे, पिराजी यायच्या आधी, कुणी ना कुणी नवं नाव घाली आणि नेमाप्रमाणं पुसणं एकेक दिवस पुढं जाई. फ्लेक्स उतरला आणि चौकटीपर्यंत नावं भरली. घरोघरी पाणी उकळू लागलं. शेवटी रस्ता उकरला, तेव्हा नवा पाइप गटारातच फुटलेला निघाला.

टीव्हीवर ती बातमीही आली. बाळासो मला टेकून उभा राहून म्हणाला, "आम्हीच पाठपुरावा केला." त्याच्या पाठीमागं बयाबाईचं नाव झाकलं गेलं होतं. तो वळला, तेव्हा ते पांढरं, उलटं, त्याच्या काळ्या कोटावर उमटलेलं अख्ख्या शहरानं पाहिलं.

दानेश्वरी बरी झाली. तिला मुलगी झाली, ते मीच पेठेला सांगितलं.

हेवा अजून गेलेला नाही. मला हार परत मिळाला, पण यंदाही टीव्हीचा माझ्या हारापेक्षा लांब होता. पण मित्रांनो, तुमच्या गल्लीत माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला टेकून उभे राहू नका. त्याच्याकडं तोंड करा. त्याला हार नसला तरी चालेल, खडू मात्र संपू देऊ नका.